घाटखडकीच्या पाहुण्या गाई

मु. पो. तळवाडी, ता. धारूर, जि. बीड
रविवार, १८ नोव्हेंबर २०१८

चि. गहिनीनाथ यास,

दाजीचा आशीर्वाद. तुझ्या घरी सगळे बरे असतील असे समजतो.

इकडे मी ठीक आहे. सकाळची भाकरी शेजारच्या चंद्रभागाबाई पाठवतात, संध्याकाळची मी करतो. पिठले आता बऱ्यापैकी जमते. तलाव आटला. त्याच्या खालच्या दोन विहिरी २०१५ सालीही आटल्या नव्हत्या, पण यंदा दोन्हींत मिळून मोटर जेमतेम अर्धा तास चालते. डेअरीत दूध निम्म्यावर आले आहे. फॅट काढायच्या मशीनवर बायनाबाईंची सून बसते. मुलगी चांगली आहे, पण तिचा हात अजून बसलेला नाही.

पत्र लिहायचे कारण असे. दुष्काळात कोणत्या गावांना पशुखाद्याचा खुराक द्यायचा, त्या तुमच्या पुण्याच्या कार्यालयाच्या यादीवर ३० तारखेला शेवटची सही होणार आहे. यादीत तळवाडी आहे, तुमची घाटखडकी नाही. सहीच्या आधी हे पत्र तुझ्या हातात पडावे म्हणून रजिस्टरने पाठवतो.

दुसरे कारण घरातले आहे. मुक्ताच्या दहाव्याला नदीवरून परत येताना तू मला विचारलेस, "दाजी, अक्का माझ्यावर रागावलती का?" मी नुसती मान हलवली आणि पुढे चालू लागलो. तुला ते 'नाही' वाटले असेल. ते उत्तर अर्धे होते.

फोनवर मला बोलणे जमत नाही, हे तुला माहीत आहे. तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही मी इथे क्रमाने लिहिणार आहे. मुक्ता म्हणायची, आधी काय झाले आणि मग काय झाले हे चुकले की कारणही चुकते.

तुझ्या अक्काबद्दल मी कधी कुणापुढे दोन शब्द चांगले बोललो नाही. आमच्या घरात तशी पद्धत नव्हती आणि माझा स्वभावही नाही. आता लिहितो. ती सातवी पास होती. डेअरीत मशीन आले तेव्हा शिकवणारा माणूस दोन दिवसांसाठी येणार होता, तो एकच दिवस आला. बाकीचे ती स्वतः शिकली. पुढे आसपासच्या चार गावांत फॅटवरून भांडण झाले की बाटली तिच्याकडे यायची. मशीनला लावायच्या आधी ती दुधाचा नुसता वास घ्यायची आणि म्हणायची, "बायनाबाई, आज म्हशीचं मिसळलं जणू." बायनाबाई म्हणायच्या, "नाक हाय का पोलीस ठाणं?" आणि मग कबूल करायच्या.

तुझ्याबद्दल मात्र ती सगळ्यांपुढे बोलायची. रांगेत उभ्या असलेल्या बायांना सांगायची, "लोकांची भावंडं नोकरी करत्यात. माझा भाऊ पुण्यात बसून कारणं शोधतो." सुंदररावांनी, आमच्या चेअरमननी, एकदा विचारले, "कशाची कारणं?" ती म्हणाली, "ज्याची तुमाला लागत न्हाईत त्याची."

२०१६ च्या दसऱ्याला तुझ्या अहवालाची मराठी प्रत आली. पहिल्या पानावर तू हाताने 'अक्कास' असे लिहिले होतेस. ते पान तिने गावभर दाखवले. मग मी चार संध्याकाळी बसून तो अहवाल तिला मोठ्याने वाचून दाखवला. २०१५ च्या दुष्काळात खुराक दिलेली तीस गावे एका बाजूला, न दिलेली तीस गावे दुसऱ्या बाजूला. खुराकाच्या गावांत दूध एकतीस टक्के जास्त, जनावरेही जास्त टिकली. तळवाडी सगळ्यांत वर, तुमची घाटखडकी शेवटून दुसरी. निष्कर्ष असा, की खुराक जिथे परिणाम करतो तिथेच द्यावा. डोंगरातली गावे दुष्काळात जनावरे विकून टाकतात, तिथे देऊन उपयोग नाही.

तिसऱ्या संध्याकाळी तिने मला थांबवले.

"खुराक दिला नसता तर तळवाडीत काय झालं असतं, हे त्याला कसं कळलं?"

मी म्हणालो, "ते कुणालाच दिसत नाही. म्हणून जिथं दिला नाही, तिकडं बघून ठरवतात. खडकीकडं बघून."

ती म्हणाली, "खडकीची जनावरं तर आपल्या दावणीला होती."

तिचे म्हणणे मला तेव्हाच पटले होते.

आता जे सांगतो ते तू खडकीत जन्मलास तरी तुला माहीत नाही, कारण ते तुझ्यापासून लपवले गेले. २०१५ च्या मार्गशीर्षात डोंगरातला चारा संपला. खडकीच्या लेकी तळवाडीत बऱ्याच दिलेल्या आहेत. लोकांनी आपापल्या गाई लेकींच्या घरी पाठवल्या. पण ज्या घरी बाप पाणीसुद्धा अवघडून पितो, त्या घरी आपली गाय चरायला पाठवली हे तो चारचौघांत कसे सांगणार? त्यामुळे खडकीत सगळे म्हणाले, "विकली." आणि इकडे तळवाडीत सोयऱ्याची गाय दावणीला वेगळी मोजणे बरे दिसत नाही, म्हणून आमचे लोक म्हणाले, "आपलीच." दूधही इथल्याच सभासदाच्या नावावर डेअरीत आले, कारण बिगरसभासदाचे आपण घेत नाही. शिमग्याला तुमची सर्वे करणारी माणसे आली. त्यांनी दोन्हीकडे जे ऐकले ते प्रामाणिकपणे लिहिले. एकच गाय एका गावात विकलेली आणि दुसऱ्या गावात वाढलेली निघाली.

गाई आणल्या कय्युमने, आपल्या दुधाच्या टेम्पोतून. त्याला सगळे ठाऊक होते. खडकीचे लोक रोजगार हमीच्या कामावर गेले की तो भर दुपारी जायचा आणि ताडपत्री टाकून एकेक गाय घेऊन यायचा. सगळ्यांच्या गाई एकाच दिवशी आणायचा नाही, म्हणजे शेजाऱ्यालाही कळू नये. खरे तर शेजाऱ्याचीही गाय आदल्याच दिवशी गेलेली असायची.

मुक्ता नुसत्या बोलण्यावर थांबली नाही. याचाच मला सगळ्यांत अभिमान वाटतो. डेअरीच्या रोजच्या दुधाच्या चिठ्ठ्या पोत्यात होत्या. दिवाळीपर्यंत तिने त्या तारखेप्रमाणे लावल्या. तिला तीन गोष्टी दिसल्या.

दूध वाढले ते चंपाषष्ठीच्या आठवड्यात. खुराकाची पहिली गाडी आली ती संक्रांत होऊन गेल्यावर, म्हणजे महिनाभर उशिरा. वर्षाची बेरीज केली की दोन्ही एकाच साली दिसतात, म्हणून तुझ्या गणिताला ते दिसले नाही. ती म्हणाली, "जे अजून आलंच न्हाई त्यानं दूध कसं वाढंल?"

पुढे आषाढात पाऊस झाला आणि गाई आपापल्या घरी गेल्या. खुराक अजून दोन महिने चालूच होता. हिरवा चाराही आला होता. तरी तळवाडीचे दूध उतरले.

तिसरी गोष्ट तुझ्या बाजूची आहे, तीही तिने लपवली नाही. खुराक सुरू झाल्यावर फॅट वाढले होते, गावच्या गाईंचेही आणि पाहुण्यांचेही. ती म्हणायची, "त्याचं सगळंच चुकलेलं न्हाई. खुराकानं फरक पडतो. पण एकतीसात खुराकाचे किती आन् पाहुण्यांचे किती, हे त्याला पाहुण्या मोजल्याबिगर कळायचं न्हाई."

मी अकरावीपर्यंत शिकलो, बावीस वर्षे डेअरीच्या संस्थेचा सचिव होतो. हे मला सुचले नाही. तिला सुचले.

भाऊबीजेला तू आलास. ती तुझी वाट पाहत होती ती करंजीसाठी नाही, या बोलण्यासाठी. ओवाळून झाल्यावर ताट बाजूला ठेवले आणि तिने चिठ्ठ्यांचे गठ्ठे काढले. तू हसलास. वाईट हसला नाहीस. म्हणालास, "अक्का, एका गावावरून तालुका सांगता येत नाही."

"आन् साठ गावं एकमेकांची सोयरी असली तर?"

तू म्हणालास, समज गाई आल्या, त्या खुराकासाठीच आल्या असतील, म्हणजे कारण खुराकच झाले. ती म्हणाली, आल्या तेव्हा खुराक नव्हता. आणि तू म्हणतोस तसेच धरले, तरी एका दावणीची गाय दुसऱ्या दावणीला बांधून तालुक्यात गाय वाढत नाही. तळवाडीपुरते तुझे खरे आहे, तालुक्याला लावलेस की खोटे.

त्यावर तू चिठ्ठ्या उलटून पाहिल्यास. मला वाटते त्या क्षणी तुला पटत होते. मग तू विचारलेस, कोणाच्या गाई? एक तरी नाव सांग. ती गप्प राहिली. तू माझ्याकडे वळलास.

"दाजी, तुमी सांगा. त्या वर्षी तुमच्या दावणीला बाहेरचं जनावर होतं का?"

मी म्हणालो, "नाही. सगळी आपलीच."

मुक्ता उठून चुलीपाशी गेली. तू गठ्ठे बांधून बाजूला ठेवलेस आणि म्हणालास, "माहेर म्हणून तू खडकीची बाजू घेतीस, अक्का." दुसऱ्या दिवशी तू गेलास. त्यानंतर तू इकडे आलास तो तुमचे आबा गेले तेव्हा, आणि मग मुक्ता गेल्यावर.

इथे थांबतो. उरलेले उद्या लिहीन.

सोमवार

काल लिहिताना एक गोष्ट वगळली. रात्रभर ती मनात होती, म्हणून आज तिच्यापासूनच सुरुवात करतो.

आमच्या दावणीला बाहेरचे जनावर होते. ती गुंजी होती, तुमच्या आबांची गाय.

आबांनी तुला फोनवर सांगितले होते की गुंजी विकली. तू तिकडे जेवला नाहीस असे नंतर कळले. ती विकलेली नव्हती. ती आमच्याकडे होती. आबा स्वतः टेम्पोत बसून निम्म्या घाटापर्यंत आले होते आणि तिथून मागे फिरले, कारण लेकीच्या दारात गाय घेऊन उभे राहणे त्यांना जमेना. त्यांनी मुक्ताकडून शब्द घेतला होता, की हे गहिनीनाथला कळता कामा नये. "पोरगं पुण्यात चार लोकांत बसतं, त्याचा बाप लेकीच्या दावणीवर जगला असं नको." पाऊस पडल्यावर बाकीच्या गाई परत गेल्या. गुंजी गेली नाही. विकली असे तुला सांगून बसल्यामुळे ती पुन्हा खडकीत तुला दिसली असती तर आबांना तोंड दाखवता आले नसते.

भाऊबीजेला तू येणार म्हणून आदल्या दिवशी गुंजीला चंद्रभागाबाईंच्या गोठ्यात मीच नेऊन बांधले.

तेव्हा मुक्ताकडे एक नाव होते, आणि ते तुझ्याच बापाचे होते. ते सांगितले असते तर ती जिंकली असती. तिने शब्द पाळला आणि ती हरली. पुढे आबा गेले, तरी तिने पाळला. मला हे सांगायचा अधिकार तिने दिलेला नाही. मी तो घेतो आहे.

माझे तसे नव्हते. माझ्याकडून कुणी शब्द घेतला नव्हता. मी नाही का म्हणालो, याची कारणे मी दोन वर्षे मनात लावून पाहिली. आबांची लाज राखायची होती, हे एक. सोयऱ्याच्या गाईला बाहेरची म्हणू नये, हे दुसरे. ही दोन मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत आलो. तिसरे असे, की तुझ्या अहवालामुळे त्याच महिन्यात बीडला आपल्या संस्थेचा सत्कार झाला होता. व्यासपीठावर माझे नाव घेतले. सन्मानचिन्ह घरात समोरच्याच फडताळात होते, आणि तू विचारलेस तेव्हा माझी नजर त्यावर गेली. कोणत्या कारणाचा वाटा किती, हे तुझ्या गणिताला काढता येत असेल. पण तिसरे नसते तर मी नाही म्हणालो असतो का, असे विचारले तर मला वाटते, नसतो म्हणालो.

मुक्ता मला त्याबद्दल कधी एक शब्द बोलली नाही. त्या दिवसापासून ती मला अहवाल वाचायला सांगेनाशी झाली, एवढेच.

तू विचारलेस ना, ती रागावली होती का. तुझ्यावर नाही. ती शेवटपर्यंत म्हणत होती, "त्याला बरोबर उत्तर कुणी दिलंच न्हाई, तर त्यानं काय करावं?" ते मला ऐकू जावे म्हणून म्हणत होती की नाही, ते मला कळले नाही.

आता या महिन्यातले. दुष्काळ जाहीर झाला आणि तुमच्या कार्यालयाचे पत्र आले. तळवाडी 'अधिक परिणाम दाखवणारे गाव' म्हणून पुन्हा निवडले आहे. संमतीपत्रावर सचिवाची सही हवी. घाटखडकीसमोर लिहिले आहे, 'जनावरे टिकत नाहीत'. तिथे सध्या जनावरे आहेत, आणि यंदा आमचाही तलाव कोरडा असल्याने त्यांना लेकींकडे पाठवता येत नाही. म्हणजे या वेळी ती खरोखर विकली जातील. मग तुमचे मॉडेल म्हणेल, बघा, म्हणत नव्हतो?

मी सुंदररावांना सांगितले, सही करणार नाही, आधी पुण्याला खरे कळवतो.

"कावून पण?" ते म्हणाले. "आपल्या गावाला मिळतंय ना? खडकीचं खडकी बघंल."

"खडकीचं खडकीनं बघितलं असतं तर गेल्या टायमाला आपलं दूध वाढलं नसतं."

"सचिवसाहेब, तुमी लई शाणे झालात बाई गेल्यावर."

बायनाबाई कॅन घेऊन उभ्या होत्या. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "जित्तेपणी तिचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं. पण असू द्या, आता तरी कान उघडले."

मी तेवढ्यावर थांबू शकत होतो. पण तू दोन वर्षांपूर्वी म्हणालास तेच खरे, की नाव सांगितल्याशिवाय कुणी का मानावे. म्हणून गेल्या मंगळवारी कय्युमबरोबर खडकीला गेलो. पारावर सटवाबाबा आणि आणखी सहा-सात जण बसले होते. मी विचारले, त्या साली तुमच्या गाईचे काय केले?

सटवाबाबा म्हणाले, "विकली."

कय्युम म्हणाला, "विकली? मग माझ्या ताडपत्रीचा कोपरा कुणी खाल्ला, बाबा? आजून तसाच हाय, दावू का? लालकंधारी गाय होती, एका शिंगाची, घाटभर माझ्या मानेवर फुसफुस करत आलती."

कोणी हसले नाही. तेव्हा सटवाबाबांची सून रुक्मिणीबाई दारातून बोलली, "सांगा की मामंजी. नणंदबाईच्या घरी गेलती, काय चोरांच्या घरी गेली न्हवती. त्यांनी सांभाळली म्हणून आज दोन गाई हायत दारात."

मग हळूहळू बाया बाहेर आल्या. पुरुष मान खाली घालून बसले आणि बायांनी सांगितले, कोणाची गाय, कोणत्या लेकीकडे, कधी गेली, कधी आली. अकरा घरे. मी प्रत्येकाला विचारले, हे लिहू का, पुण्याला जाईल. शेवटी सटवाबाबा म्हणाले, "लिवा. मुक्ताला हे पाच वर्साची असल्यापास्नं ठावं व्हतं, सोयरं म्हंजे काय. तिला आमी खोटं पाडलं." मग म्हणाले, "आमच्या गावची पोर पुण्याच्या गणिताला भिडली व्हय?"

मी म्हणालो, भिडली. आणि तिचे बरोबर होते.

गहिनीनाथ, मी ते चारचौघांत बोललो. तिच्याबद्दल असे मी पहिल्यांदा बोललो आणि ते तिच्या माहेरी बोललो, एवढे समाधान आहे.

सोबत तिने लावलेल्या चिठ्ठ्यांच्या नकला, अकरा घरांची नावे आणि माझा सहीचा जबाब पाठवत आहे. जबाबात आबांचे आणि गुंजीचे नाव मी अजून लिहिलेले नाही. बारावी ओळ कोरी सोडली आहे. ती भरायची की नाही हे तू ठरव, ते तुझे वडील होते.

एक विनंती आहे. अक्का गेली म्हणून यादी बदलू नकोस. तिला ते आवडले नसते. ती म्हणाली असती, मी मेल्याने कारण बदलत नाही. तू माणसे पाठव, साठही गावांत लेकी कुठे दिल्या ते विचार, चंपाषष्ठी आणि संक्रांत वेगवेगळ्या धर, आणि गणित पुन्हा कर. त्यातून तळवाडीचे नाव वर राहिले तर मी मान्य करीन. खाली गेले तर गावात मला काय ऐकावे लागेल ते मी ऐकेन. सव्वीस तारखेला बीडला तुमची बैठक आहे असे कळले. मी येणार आहे, मागच्या बाकावर बसेन. तू मला तोच प्रश्न पुन्हा विचार. सगळ्यांसमोर विचार.

तब्येतीला जप. पुण्यात थंडी पडली असेल.

तुझा दाजी,
राधाकिशन

सहीखाली संस्थेचा शिक्का नाही याचे आश्चर्य वाटू देऊ नकोस. तो काल सुंदररावांकडे परत केला. हे पत्र मी मुक्ताचा नवरा म्हणून लिहिले आहे.